रास्तको आणि चिठ्ठ्यांची बरणी

३ मार्च, सोमवार
रास्तकोची लघवी आज स्वच्छ! नशेच्या पावडरचा मागमूस नाही! आमच्या नोवी सादच्या व्यसनमुक्ती केंद्राची रीतच आहे — तपासणी स्वच्छ आली की काचेच्या बरणीतून एक चिठ्ठी काढायची. बहुतेकींवर नुसतं 'शाबास', काहींवर कॉफीचा पुडा, एकीवर अख्खी सायकल. याला 'शाबास' निघालं, तरी खदाखदा हसला. "मावशी, थोडक्यात हुकली गं सायकल!" फरश्या बसवणारा एवढा बाप्या, पण वागणं पोराचं. फार आवडतो मला मेला.

१० मार्च
परत स्वच्छ. मी कुलूप काढायच्या आधीच दारात हजर. बरणीला टिचकी मारतो, डोळे मिटतो, मग हात घालतो. कॉफी निघाली, ती मलाच दिली! डॉक्टर नेवेंका म्हणाल्या, "देसांका, लाडक्याने तुझ्या नाव काढलं हो." मी फुगले.

१४ मार्च
त्याची बायको दुन्या आली. नुसती धुमसत होती. "पावडर सुटली, मान्य. पण पहाटेपर्यंत फोनवर टेनिसच्या मॅचवर पैसे लावतो!"
आम्ही कधी विचारलंच नाही! आमच्याकडे पावडरचा इलाज. जुगाराचा दुसऱ्या इमारतीत.

१७ मार्च
रास्तकोला समोर बसवून विचारलं. मान खाली.
"जुगाराच्या मशीनपुढे रात्रभर जागता यावं म्हणून तर पावडर घ्यायचो, मावशी. दोन्ही एकच गं."
"मग इथे कशाला येतोस?"
त्याने बरणीकडे पाहिलं. "तिच्यासाठी."
अगं बाई! म्हणजे दर सोमवारी आम्हीच याला जुगार खेळवत होतो — आणि मी वर टाळ्या पिटत होते!

१८ मार्च
डॉक्टरांशी कडाडून भांडले. त्यांचं एकच, "बरणीचा बाकीच्यांना फायदा होतोय ना!" होऊ दे की. रास्तकोला बरणी बंद, आणि जुगाराचे डॉक्टर इथेच येऊन त्याला बघणार — एवढं पदरात पाडून घेतलं. त्याला फोन केला, तर म्हणतो, "मग यायचं कशाला?"
नाहीच आला तर? जीव टांगणीला लागलाय.

२४ मार्च
नाही आला. दुपारपर्यंत दाराकडे बघत बसले. कामात लक्ष नाही.

३१ मार्च
आला! उशिरा, दाढी वाढलेली. "तपासू नकोस, मावशी. शनिवारी घेतली. खेळलोही." मग बरणी उचलून ठेवलेल्या रिकाम्या टेबलाकडे बघून म्हणाला, "आज जिंकायला काही नाही ना? मग बसू का जरा?"
बस रे बाबा, बस.