दोन डोळ्यांचा कॅमेरा

४ जानेवारी १९६३, अकोला
अमरावतीहून, राजापेठेतल्या स्टुडिओवाल्या प्रभाकरचं पत्र. रोल धुतला, काहीच आलं नाही म्हणे. निगेटिव्ह फेकून दिल्या. आठही फोटो गेले. त्यात आईचा होता, वावरात कापूस वेचताना, कमरेला ओटी. जन्मात एकदा उभी राहिली कॅमेऱ्यासमोर. फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी ठेव, हे प्रभाकरनंच शिकवलेलं. तसाच ठेवला होता.
पुढं लिहितो, "डब्बा कॅमेऱ्याचा भरवसा नाही गड्या. आता मोठा घे."
घेईनच.

११ जाने.
दिवसभर कापसाच्या जिनात रुई ढकलतो, डोक्यात कॅमेरेच. घडीचा घ्यावा, खिशात मावते. का दोन डोळ्यांचा, वर-खाली दोन भिंगं? वरून काचेत पाहायचं, काय येणार ते आधीच दिसते. प्र. म्हणतो दोन डोळ्यांचाच घे, माहा जुना हाय, घरच्या माणसाले देतो. तिवशाच्या शाळेत एका पाटावर बसलो दोघं. चौथीत मी सुटलो, तो शिकला. त्याच्याहून जास्त मले काय कळते?

२६ जाने., अमरावती
सुटी. प्र.च्या स्टुडिओत गेलो. दाराजवळ काचेत मोठ्ठा फोटो. बाई कापूस वेचून राहिली.
आई.
तिच्या पायाशी एक सावली. मान खाली, पोटाशी डब्बा. मी.
खाली नाव प्र.चं.
"हा कोणी काढला?"
"बस ना बे. चहा सांगतो."
"सावली कोणाची हाय, पऱ्या?"
हसला. "धुतला म्या, मोठा केला म्या. तू तं नुसतं बटन दाबलं." मग हळूच, "तुले नाव कायले पाह्यजे? तू जिनातला माणूस. माहं दुकान चालते त्याच्यावर."
निगेटिव्ह मागितली. म्हणे हाय, पण ती दुकानातच राहीन. अन् दोन डोळ्यांचा माझ्या गळ्यात घातला. "असाच घेऊन जाय. फक्त कोणाले बोलू नको."
वरून पाहिलं. रस्ता, टांगा, ऊन, सगळं त्या एवढ्याशा काचेत. हातातून सोडवेना. प्र.कडं वळवला तर काचेत तो दुसऱ्याच बाजूला सरकला. डावं-उजवं उलटं दिसते त्यात.
काढून टेबलावर ठेवला. चहा तसाच.

२ फेब्रु., अकोला
घरून कार्ड, मास्तरच्या हातचं. आई सांगते, फोटो बिघडला तं बिघडू दे, पोरा, मन लहान करू नको. लुगडं धुऊन ठेवलं. मी पुन्हा उभी राहीन.
काय कळवू तिला? राजापेठेत तू रोज उभीच आहेस?

१० फेब्रु.
डब्ब्यात नवा रोल भरला. वेचणी संपायच्या आत गावी जातो. तो दोन डोळ्यांचा अजून डोक्यातून जात नाही. स्वतःचाच राग.
पण रोल धुवायला कोणाला देऊ? इथल्या एका फोटोवाल्याला विचारलं, धुताना मले आत उभं राहू द्याल?
"आत अंधार राह्यते भाऊ. तुमाले काय दिसणार?"