सासरे-२ आणि इतर सुटे भाग

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.१०
साहेबांनी जाहीर केलं: सर्किट बोर्डांची डिझाइनं काढायचं सॉफ्टवेअर बदलायचं. बारा वर्षांच्या आपल्या फाइली त्या एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. गिऱ्हाइकाला असं दावणीला बांधणं म्हणजे निव्वळ लबाडी. मीटिंगमध्ये तसं स्पष्ट बोललो. काम माझ्याच गळ्यात पडलं. महिनाअखेर नव्या शाखेला डिझाइन-प्रमुख नेमणार आहेत. माझ्याशिवाय आहे कोण?
संकल्प: रोज चार बोर्ड नव्या सॉफ्टवेअरमध्ये.

४ मार्च
एकही नाही. आज नियोजन केलं. उद्यापासून आठ.

७ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या मॅडम मदतीला दिल्यात. गरज नव्हती. विचारत होत्या, पार्ट्सच्या यादीत 'सासरे-२' काय आहे? पटकन तापणारा ट्रान्झिस्टर, अजून काय! 'आत्या' म्हणजे वीज बंद केली तरी बराच वेळ धरून बसणारा कपॅसिटर. कुठे लिहून ठेवलंय का, म्हणाल्या. लिहून ठेवायला मी काय खुळा आहे? सगळं डोक्यात आहे. म्हणून तर इतकी वर्षं मला कोणी हात लावला नाही.

१४ मार्च
माझे दोन बोर्ड. मॅडमचे एकवीस. पण त्या सरळ पार्टचे नंबर टाकतात. कोणीही वाचेल. त्यात कसलं आलंय कौशल्य!

१९ मार्च
बायको म्हणते, मॅडमना सगळं सांगून मोकळे व्हा. तिला ऑफिसमधलं राजकारण कळत नाही. मग तिने विचारलं, सासरे-२ म्हणजे माझे बाबा का? मी विषय बदलला.

२७ मार्च. दुपारी
प्रमुखपदासाठी नवा शर्ट घेतला. बायकोने बहिणीला कळवलंसुद्धा. बोर्ड अजून दोनच.

३१ मार्च. संध्याकाळी ५.४०
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. प्रमुख म्हणून मॅडम जाणार. त्यांचं काम कोणीही पुढे नेऊ शकतं, त्यामुळे त्यांना सोडता येतं, म्हणाले. "तुमचे बोर्ड तुमच्याशिवाय कोणालाच कळत नाहीत. तुम्हाला इथून हलवू कसं?" माझ्या फाइलींपायी जुन्या सॉफ्टवेअरचा करारही आणखी तीन वर्षांसाठी वाढवलाय.
वाईट वाटलं. फार वाटलं. मॅडम टेबल आवरत होत्या. अभिनंदन केलं. त्या म्हणाल्या, आता तरी ती यादी लिहून काढा.
काढायला बसलो. दोनशे चाळीस पार्ट्स आहेत. एकोणीस आठवले.