सोवळ्याची पट्टी

ठाणे, वैशाख वद्य पंचमी, शके १८१५

तीर्थस्वरूप सौ. विमलाताईस धाकट्या त्र्यंबकाचा शिरसाष्टांग नमस्कार. कल्याणास तुम्ही सारी मंडळी खुशाल असाल. इथे आंबा यंदा मुबलक आहे, उकाडा सोसवत नाही, आणि माशांनी तर घर व्यापले आहे.

अप्पांची प्रकृती बेताची आहे, एवढेच लिहून पत्र संपवणार होतो. पण खरे ते नाही. ज्वर उतरत नाही. पोटावरची जखम उसवली आहे आणि तिच्यातून हिरवट पू वाहतो. वास असा की ओटीवरसुद्धा बसवत नाही. तुझी भावजय सारखा ऊद जाळते, तर आता मला उदाचाही वास नकोसा झाला आहे. समाचाराला येणारे उपरणे नाकाला लावून आत डोकावतात आणि निघताना म्हणतात, "गोऱ्याची सुरी अंगाला लावू दिलीत, दुसरं काय होणार!" विडा मात्र खाऊन जातात. किळस येते मला या लोकांची.

सुरीने काही बिघडले नव्हते, ताई. मुंबईच्या डॉक्टरसाहेबांनी आतड्यातली कर्करोगाची गाठ समूळ काढली. घरी आणले तेव्हा जखम कोरडी होती. अप्पा भिंतीला टेकून पेज पीत आणि मीठ कमी पडले म्हणून सुनेवर चिडत. मला वाटले, आता आणखी दहा वर्षे हे असेच चिडणार.

मग तू आलीस. मी कचेरीत होतो. इस्पितळातल्या, कार्बोलिकाच्या औषधी पाण्यात भिजवलेल्या पट्ट्या कोणाकोणाच्या हातच्या, म्हणून तू त्या उकिरड्यावर टाकल्यास आणि अप्पांचा सोवळ्याचा मुकटा फाडून पोटाला बांधलास. रेशमाला विटाळ नाही ना! म्हणूनच तो मुकटा वर्षानुवर्षे पाण्यात पडला नाही. तो नेसून अप्पा पूजेला घामाने निथळत, जेवताना तुपाचे हात त्यालाच पुसत. मी पट्टी सोडली तेव्हा ती मांसाला चिकटली होती. कोमट पाणी ओतून ती सुटी करावी लागली.

साहेबांना पुन्हा आणले. त्यांनी मला ओटीवर नेऊन सांगितले की गाठ गेली होती, माणूस वाचला होता. आता जखमेतले विष रक्तात उतरले आहे, आणि अशा अवस्थेतून उठलेले रोगी त्यांनी फार थोडे पाहिले आहेत.

अप्पांनी आतून सारे ऐकले. काल मला जवळ बोलावून म्हणाले, "विमलीला सांगू नकोस रे. तिनं मायेनं केलं. झुरून मरेल ती." मी हो म्हणालो. आणि आज तुझे पत्र, की मुकट्याचा उरलेला तुकडा माणसाबरोबर धाडते आहेस, पट्टी बदलायला! मग माझ्याने गप्प राहवले नाही.

तो तुकडा जाळून टाक. आई गेल्यावर ज्या हाताने तू मला भरवलेस, त्या हाताची आज मला शिसारी येते, आणि तशी येते म्हणून माझी मलाच जास्त येते. तरी मिळेल त्या गाडीने ये. अप्पा सारखे दाराकडे बघतात. इथे आलीस की कार्बोलिकाच्या पाण्यात हात बुडव, विटाळ वाटला तरी बुडव, आणि मग त्यांच्याजवळ बस. त्यांच्यासमोर रडू नकोस. तुला काहीच ठाऊक नाही असे त्यांना शेवटपर्यंत वाटू दे.

तुझ्यावर अतिशय संतापलेला, आणि तरी तुझाच,
त्र्यंबक