हळू गाणारी मुलगी

नवागाम, सुरत
१४ एप्रिल १९९७

सौ. रंजनास,
तुला आणि पोरीला सुकदेवचे मायेचे आशीर्वाद. मी इथे ठीक आहे, खाणावळीचं जेवणही बरं आहे. आईचे गुडघे कसे आहेत?

काल सुट्टी होती. खोलीतला कुंदन मंडपवाल्याकडे खुर्च्या लावायला जातो, तो मला एका कॉलेजात गाण्याला घेऊन गेला. ढोल नाही, नाच नाही. एक मुलगी स्टुलावर बसून गिटार वाजवत स्वतः रचलेली हिंदी गाणी म्हणत होती. मला वाटलं माइक बंद पडला. मी उठून ओरडलो, "आवाज वाढवा." सगळे वळून बघायला लागले. कुंदनने मला खाली बसवलं आणि माझ्यासमोर तोंड आणून म्हणाला, "अरे, ती गातेच हळू. सगळ्यांना ऐकू येतंय."

मग मी तिच्या ओठांकडे बघत बसलो. कापडाच्या कारखान्यात लूमच्या खडखडाटात आम्ही असंच एकमेकांचं बोलणं ओळखतो. गाणं माहेरच्या खिडकीबद्दल होतं, शब्द सगळे समजले. चाल कशी होती ते नंतर कुंदनला विचारलं, तर त्याला काही सांगता येईना.

तू काळजी करू नकोस, काम व्यवस्थित चाललंय. पोरगी बोलायला लागली असं तू लिहिलंस. आवाज कसा आहे तिचा?

आखाजीच्या सणाला येतोच. आलो की कंदील तुझ्या बाजूला ठेव. बोलताना तुझं तोंड दिसलं पाहिजे.

तुझा
सुकदेव