घर पुरं झालंय, सगळ्यांना सांग

पॅसाडेना, कॅलिफोर्निया
मार्च १९१०

प्रिय थिओडोराताई,

तुला आणि भावोजींना ऑर्फाचा प्रेमाचा नमस्कार. प्रभूच्या कृपेने आम्ही दोघं धडधाकट आहोत. तुझी कंबर कशी आहे? आयोवात अजून बर्फ असेल, शेक सोडू नकोस. (कोळसा वाचवायचा असेल तर तापलेली वीट फडक्यात गुंडाळून घे.) इकडे थंडी नाही, तरी मी गारठल्यासारखी झाले आहे. कारण आमचं नवं घर.

मला वाटलं होतं, आईच्या घरासारखं पांढरंशुभ्र असेल, पुढे बैठकीची बंद खोली असेल, पाळकसाहेब आले किंवा घरात कुणी वारलं तरच उघडायची. यातलं काहीएक नाही! आत पाऊल टाकलं, वर पाहिलं, तर तुळया उघड्या! सांध्यातल्या लाकडी खुंट्यासुद्धा बाहेर. रंग म्हणून कुठे नाही. धुराड्याला नदीतले धोंडे, आणि मधे भट्टीत जळून वाकड्या झालेल्या विटा, आपल्याकडे खड्ड्यात टाकतात तसल्या. (त्या चांगल्या विटांपेक्षा महाग! हिशेबाच्या वहीत लिहिताना आकडा मी दोनदा विचारून घेतला.) बाकं, कपाटं भिंतीतच ठोकलेली, म्हणजे घरच्या बाईला काही हलवायची सोय नाही. घराचा नकाशा काढणाऱ्या मिस्टर क्विलरना मी विचारलं, "छत कधी बसवणार?" तर म्हणाले, "बाई, हेच छत." कारखान्यांनी सगळं खोटं आणि चकचकीत करून टाकलंय, म्हणून घराने आपली हाडं लपवू नयेत, असं त्यांचं मत. आमच्या ह्यांनी मान डोलावली. डोलावणारच. हिवाळाभर बँकेतून आल्यावर एकेक तुळई ह्यांनी स्वतः घासली, तेल चोळलं. लग्न झाल्यापासून पहिल्यांदा ह्यांना शीळ घालताना ऐकलं.

मग चर्चमधल्या बायका कॉफीला आल्या. वर बघून सगळ्या एकमेकींना कोपराने ढोसायला लागल्या. पाळकसाहेबांच्या पत्नी मिसेस ट्विचेल (मूळच्या तुमच्याच गावच्या) माझा हात दाबून म्हणाल्या, "धीर सोडू नका हो." मला वाटलं, ह्यांच्या आवडीबद्दल बोलतायत, म्हणून मीही उसासा टाकला. तिथेच चुकलं. रविवारी पाळकसाहेबांनी "ज्या बंधूचं घर पैशाअभावी अर्ध्यावर अडलंय" त्याच्यासाठी प्रार्थना केली. कोण बिचारा असेल तो, असं म्हणून मी मोठ्याने आमेन म्हटलं!

शनिवारी दार उघडते तो निम्मं चर्च अंगणात! शिड्या, चुना, पांढऱ्या रंगाचे डबे, बायकांच्या हातात झाकलेली भांडी. गावाकडे शेजाऱ्याचं कोठार उभारायला जमतात ना, अगदी तसे. हे बाजारात गेलेले. मी तोंड उघडेपर्यंत पाळकसाहेब बाह्या सरसावून शिडीवर चढलेसुद्धा.

ताई, काय करणार? घर पुरं झालंय म्हणावं तर चारचौघांत वेड्यात निघायचं, गप्प बसावं तर ह्यांची शीळ कायमची बंद. कुंचला तुळईला टेकणार तोच मी ओरडले, "थांबा! घर पुरं झालंय!"

पाळकसाहेबांनी शिडीवरूनच मागे वळून पाहिलं.

"बिचारी," मिसेस ट्विचेल म्हणाल्या, "डोक्यावर परिणाम झालाय."

"नाही हो, आम्ही असंच बांधायला सांगितलं होतं."

"त्या विटासुद्धा?"

"विटासुद्धा. निवडून."

"पैसे देऊन?"

"जास्तीचे देऊन."

पाळकसाहेब शिडी उतरले ते माझ्याकडे न बघता. तेवढ्यात हे आले. एवढी गर्दी पाहून ह्यांना वाटलं, सगळे घर बघायला आले! केवढा आनंद! एकेकाला हाताला धरून प्रत्येक खुंटी दाखवली. पाळकसाहेब कुंचला पाठीमागे धरून सगळीकडे हिंडले. ह्यांना खरं सांगायची कुणाची छाती झाली नाही. शेवटी आणलेलं जेवून सगळे घरी गेले.

तुझी,
ऑर्फा

ता. क. : मिसेस ट्विचेलनी त्याआधीच तुमच्या चर्चला पत्र टाकलं होतं. आमच्यासाठी जुने कपडे आणि धान्य यांचं मदतीचं पिंप भरताहेत म्हणे. आजचं पत्र खरं त्यासाठीच. ते ताबडतोब थांबव. ह्यांच्या दारात ते पिंप येता कामा नये.

आणखी ता. क. : थांबवण्याआधी त्यात जाड गोधडी आहे का बघ. असेल तर तेवढी तुझ्या नावाने पाठव. आमच्या झोपायच्या खोलीला, मोकळी हवा यावी म्हणून, तीन बाजूंनी भिंतीच नाहीत. तीही पुरी झालेली आहे.