भाभींची चांगली दाढ

मंगळवार, संध्याकाळ

"दाढ काढा" म्हणत शकीलाभाभी आज लासुर्ण्याच्या दवाखान्यात तिसऱ्यांदा आल्या. दाढ चांगली आहे. झोपेत दात खाऊन झिजलीय फक्त. मी विचारलं, "झोप लागते का?" तर रडायलाच लागल्या.

"मालक गेल्यापास्नं घरात बोलायला कुणी न्हाय, डॉक्टर. हितं निदान तुमी तोंड उघडायला सांगता."

हे वाक्य डोक्यातून जात नाही. समुपदेशक ताई आता शेजारच्याच खोलीत बसतात. भाभींना हाताला धरून तिकडे नेलं. तासाभराने दाढ न काढताच घरी गेल्या.

निघताना ताईंनी मला विचारलं, "तुम्ही कशा आहात?" मी "मजेत" म्हटलं. का म्हटलं? खोलीवर आल्यापासून कुणाशी एक शब्द बोललेले नाही.

आत्ता ताईंना फोन लावला. म्हटलं, पुढच्या मंगळवारी भाभींनंतर माझी वेळ धरा.