इटालियनमधून स्वयंपाकघर मागताना

३ नोव्हेंबर
पहिलं बाळंतपण माहेरी, हे ऋचालाही मान्य. पण ती इटलीत, आणि तिथली डॉक्टर सोडेना. म्हणून माहेरच तिकडे न्यायचं ठरलं. १८ डिसें.चं तिकीट. अडचण एकच: घर सासूचं. विहीणबाई स्वयंपाकघरात कुणाला फिरकू देत नाहीत म्हणे. मला तर चाळीस दिवस ओटा हवा. ऋ. म्हणाली, "आई, मी मध्ये पडणार नाही. तूच माग."
मागेन की! वर्षभर इटालियनचा क्लास उगाच केला काय?

७ नोव्हें.
कॉलेज रोड, क्लास. पल्लवी मॅडम (ऋ.हून लहान, पण कडक): इच्छा, शंका, भीती, आशा, काहीही सांगायचं तर गौण वाक्यातलं क्रियापद वेगळं. कॉन्जुन्तीव्हो. आणि सुरुवात 'मला आवडेल की' अशी केली तर पुढे त्याचं भूतकाळी रूप! अगं, मागायचंय पुढच्या महिन्यातलं, भूतकाळ कशाला? "काकू, नियम आहे." बरं बाई.

१५ नोव्हें.
वोर्रेई के मी लाशास्से ला कुचीना. मला आवडेल की तुम्ही मला स्वयंपाकघर द्यावं. भाजी निवडताना, गंगापूर रोडच्या सिग्नलला, सगळीकडे लाशास्से, लाशास्से. हे विचारतात, "कुठला जप चाललाय?" मॅडमनी दहा वाक्यं दिली, नऊ बरोबर. जाम खूश.

२१ नोव्हें.
मेथी स्वस्त. कॉन्जु. नाही केलं. कंटाळा.

२९ नोव्हें.
बोलले! व्हिडिओ कॉल, ऋ. दवाखान्यात गेलेली. अख्खं वाक्य, कुठे अडले नाही. विहीणबाई आधी "ब्राव्वा!" म्हणाल्या. मग माझ्यासाठी सावकाश: "मला वाटत होतं, तुम्ही इथे येऊन आराम करावा. या बाळासाठी मी निवृत्तीच्या वर्षभर आधी नोकरी सोडली. मला एकच मुलगा. बाळंतिणीचं करायची ही एवढीच वेळ." डोळे भरलेले. पहिलं वाक्य तर कॉन्जुन्तीव्होत, आणि शब्द न् शब्द कळला मला. "मंगळवारी बोलू," म्हणून फोन ठेवला.

३० नोव्हें.
ऋ. मध्ये नसताना आम्ही दोघी बोललो, याचा आनंद आहेच. पण महिनाभर माझंच घोटत बसले. विहीणबाईला काय हवं, हे विचारायचं डोक्यातच आलं नाही. हे म्हणतात, "निम्मे निम्मे दिवस करा." ह्यांना काय, सगळं सोपं. ओटा मला अजूनही हवाच आहे, खोटं कशाला लिहू? पण तिचा तो चेहरा...
वही उघडून बसलेय. मंगळवारी काय मागू, तेच ठरत नाहीये.